देवाची उजवी बाजू

शेवटचं साधंसुधं काम आम्ही नवराबायकोने मिळून केलं ते जवळा निवडण्याचं. संध्याकाळी खाली पेपर पसरला, त्यावर सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी, ओतला, आणि एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. माझ्या वाटणीला त्यातले बारीक खेकडे, शिंपीचे तुकडे, जाळ्याचे धागे. तिच्या वाटणीला माझ्या चुका.

"ह्यो खेकडो? ह्यो जवळोच आसा. चष्मो लावा."

"लावलाय गो."

"मगे पुसा."

मी गिरणीत राहून मुंबईची बोली उचलली. ती मात्र शेवटपर्यंत गावचीच बोलली, भाजीवाल्या भय्याशीसुद्धा. आणि तो तिच्याशी मालवणी बोलायला शिकला.

जवळा निवडता निवडता ती म्हणाली, उद्या रविवार, मागे डोंगराला पट्टी काढूची आसा, येतलास की नुसती चाय पिऊक येतलास? मी म्हटलं, चहा पिणारा पण लागतो, नाहीतर केलेला चहा वाया जातो. ती हसली नाही. माझ्या विनोदाला ती लग्नापासून हसली नव्हती आणि मी लग्नापासून थांबलो नव्हतो. जवळा डब्यात भरला, पेपर झटकला, जेवलो, झोपलो.

सकाळी चहा आला नाही म्हणून मी ओरडलो. ओरडल्याला उलटं उत्तर आलं नाही, तेव्हाच मला कळलं.

त्यावर जास्त लिहीत नाही. मी चौथी शिकलेला, गिरणीत मागाच्या साच्यावर उभा राहून जन्म काढलेला माणूस. रडणं लिहायला मला जमत नाही, भांडण लिहायला जमतं. म्हणून पुढचं लिहितो.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची चाळ होती. ती पाडून सोसायटी झाली. सोसायटीच्या मागच्या भिंतीला एक गंजकं फाटक आहे, फाटकाबाहेर उतार. उतारावर पळस, कुडा, एक मोठा ऐन, करवंदीच्या जाळ्या, आणि मधून एक ओहोळ, जो शिमग्यापर्यंत पाणी धरून ठेवतो. त्याच्या वर खरं जंगल सुरू. जमीन सरकारची म्हणतात. असेल. पण ट्रकवाल्यांना कुणी ते सांगितलं नव्हतं. इकडे नाहूर, तिकडे मुलुंड, जिथे बघावं तिथे जुनी घरं पडत होती आणि पडलेल्या घरांचं राबिट, म्हणजे विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, फुटके संडास, सगळं आमच्या ओहोळात येऊन पडायचं.

माझी बायको काही पर्यावरणवाली नव्हती. तिचं रानावरचं प्रेम पोटातून आलं होतं. त्या उतारावर टाकळा यायचा, कुर्डू यायचा, ऐनाखाली शेवळं यायची. बाजारात ती भाजी मिळते, पण विकत घेतलेला टाकळा तिला चोरीचा माल वाटायचा. तर एक दिवस तिने बघितलं की कुर्डूच्या जागेवर कमोड पडलाय. पांढरा, उलटा. ती ट्रकवाल्याशी भांडायला गेली. तो खिडकीतून म्हणाला, "ए मौसी, तेरे बाप का पहाड है क्या?"

ती परत आली आणि गप्प बसली. ती बडबडत असली की मी निर्धास्त असायचो. गप्प बसली की घरातल्या वस्तू मोजून ठेवाव्यात असं वाटायचं.

"बापाचो नाय," ती तासाभराने म्हणाली. "मगे कोणाचो तां दाखवतंय तेका."

नेमका त्याच सुमारास चेंबूरहून आमच्या लेकीने मिक्सर आणून दिला होता. पाटा गॅलरीत गेला, त्यावर कुंडी बसली. आणि वरवंटा दिसेना. मी विचारलं, तर म्हणाली आसतलो खंयतरी. दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर बिडी ओढायला गेलो तर ऐनाच्या बुंध्याशी देव. अर्धा मातीत, अर्धा वर, अंगाला तेल-शेंदूर, डोक्यावर झेंडू, पुढे उदबत्ती. मी लगेच ओळखला. ज्याने वाटलेलं मसाल्याचं वाटप जन्मभर खाल्लं त्याला माणूस विसरेल काय? आमच्या लेकीच्या बारशाला त्यालाच कुंची घालून पाळण्याखालून फिरवला होता, बायका म्हणत होत्या कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. एकदा ज्याला गोपाळ म्हटलं त्याला देव म्हणायला कितीसा वेळ लागतो?

घरी येऊन म्हटलं, "गो, तो आपला वरवंटा आहे."

"होतो," ती म्हणाली. "आता राखणदार आसा."

कोकणात प्रत्येक गावाच्या हद्दीवर राखणदार असतो. गाव राखतो, रान राखतो. त्याच्या राईत कुणी कोयता घालत नाही, मेलेली फांदीसुद्धा विचारून उचलतात. त्याला भिंत नसते, छप्पर नसते. आमच्या गावचा तर आंब्याखाली पावसात भिजत उभा आहे, कितीतरी पिढ्या, आणि अजून त्याला सर्दी झालेली नाही.

त्या रविवारी तिने सोसायटीतली कोकणातली चार माणसं जमवली आणि देवापुढे गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणायचं. ती म्हणाली, बा देवा म्हाराजा, ह्या तुझा रान. होय म्हाराजा. हय जो कोण राबिट टाकीत तेच्या गाडयेचो टायर फुटांदे. होय म्हाराजा! शेवटी आवाज खाली आणून म्हणाली, आणि ह्या जसा आसा तसा रवांदे, म्हाराजा, म्हणजे हे जसं आहे तसंच राहू दे. होय म्हाराजा.

चौथ्या का पाचव्या दिवशी ट्रकचा टायर फुटला. दोन फुटले. ट्रकवाला टायरकडे बघतोय, मग ऐनाकडे बघतोय, मग शेंदराकडे. त्याने चप्पल काढून हात जोडले. आमच्या घरात सुताराकडचे खिळे कशाला आले होते ते मी तिला विचारलं नाही. काही गोष्टी संसारात न विचारलेल्या बऱ्या.

तिथून ते वाढलं. आधी भीतीने लोक कचरा टाकायचे थांबले, मग लाजेने आधीचा कचरा उचलायला लागले, मग सवयीने यायला लागले. कुणाला पगार नाही, कुणाचा हुकूम नाही. रविवारची पाळी लागली, दोन-दोन घरांची, आधी देवापुढे तिचं गाऱ्हाणं, मग काम. ओहोळातलं राबिट हातांनी काढलं. पाऊस संपून गवत सुकलं की पट्टी काढायची, म्हणजे रानाच्या कडेने दोन माणसं आडवी झोपतील एवढी रुंद माती उघडी करायची, कुणाच्या बिडीची ठिणगी उडाली तर आग तिथेच मरावी म्हणून. (बिडी म्हणताना ती माझ्याकडे बघायची.) नियम तीन. कोयता नको, काडी नको, कचरा नको. बिबट्या येतो तो देवाचा कुत्रा, त्याला कुणी दगड मारायचा नाही. असं म्हटल्यावर मारणार पण कोण?

मी पाळीला कधी गेलो नाही. फाटकात खुर्ची टाकून चहा प्यायचो आणि सूचना द्यायचो.

आमचा सेक्रेटरी बँकेत ऑफिसर होता, आता रिटायर. शुद्ध बोलतो, बुटाची नाडी दोनदा बांधतो. मला काका म्हणतो, तिला काकी. सुरुवातीला तो लांबून हसायचा. एक दिवस जवळ येऊन वाकून बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "काका, हा स्वयंभू आहे बरं का. अंगावरच्या खुणा पाहिल्यात? मानवी हाताच्या नाहीत या."

खुणा टाकीवालीच्या हाताच्या होत्या. दर दिवाळीआधी ती छिन्नी-हातोडी घेऊन यायची आणि पाटा-वरवंट्याला टाकी घालून द्यायची, दगड गुळगुळीत झाला की वाटप नीट होत नाही म्हणून. मी चहाचा मोठा घोट घेतला, नाहीतर तोंडातून काहीतरी निघून गेलं असतं.

गंमत म्हणजे हळूहळू ती स्वतः त्याला मानायला लागली. लेकीच्या बाळंतपणात त्याच्यापुढे तासभर बसली. मी म्हटलं, "गो, तू स्वतः ठेवलेला दगड तो. त्याला काय घाबरतेस?"

"ठेवलंय मी," ती म्हणाली. "पण आता बसलो तो स्वतः."

मिक्सरातलं वाटप मला कधी आवडलं नाही. मटण झालं की मी रडगाणं लावायचो, पाट्यावरची चव नाही. ती पळी आपटून म्हणायची, "जावा मगे! देवाक सांगा, उठ, वाटप करूचा आसा!"

तर अशी ती गेली. तेराव्याला लोक जेवून गेले आणि सेक्रेटरी मागे थांबला. सोबत दोघे-तिघे कमिटीचे. लेक भांडी आवरत होती. सेक्रेटरीने खिशातून रुमाल काढला, घडी घातली, परत खिशात ठेवला.

"काका, कमिटीत ठरलंय. काकींनी जी श्रद्धा रुजवली तिचं काहीतरी कायमस्वरूपी व्हायला हवं. देवाला छोटंसं मंदिर. वर स्लॅब, खाली मार्बल. भोवती पेव्हर ब्लॉक, ज्येष्ठांसाठी बाकडी. आणि दर्शनी भागात ग्रॅनाइटवर काकींचं नाव. सोनेरी अक्षरात."

"सिमेंट-विटा एक बिल्डर देतोय," दुसरा म्हणाला. "फुकट! रस्तापण तोच करून देणार, गाडी वरपर्यंत जाईल असा."

फुकट देणाऱ्याच्या डोळ्यांत मी आधी बघतो. पण तो बिल्डर तिथे नव्हता. तिथे होती ती भली माणसं, तिच्यावर माया करणारी. रस्ता म्हणजे करवंदी गेल्या. पेव्हर ब्लॉक म्हणजे शेवळं गेली. बाकडी म्हणजे वेफर्सची पाकिटं. आणि एकदा का वरपर्यंत पक्का रस्ता झाला की त्या रस्त्याने फक्त भक्तच येतील काय? तिने ज्या ट्रकांना बाहेर काढलं त्यांच्यासाठीच ही माणसं फाटक उघडत होती, तेही तिच्या नावाने.

मी तोंड उघडणार तेवढ्यात लेक मोरीतून बाहेर आली. हात ओले.

"बाबा," ती म्हणाली, "आईचं नाव लागू दे ना."

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

मी विचार केला तो असा. खरं सांगितलं की तो वरवंटा आहे, तर मंदिर टळेल, पण भीतीही जाईल आणि महिन्याभरात ट्रक परत. नाही सांगितलं तर मंदिर रान खाणार. नुसतं नको म्हटलं तर म्हणणार, म्हातारा दुःखात आहे, त्याचं काय मनावर घ्यायचं. आणि चौथी गोष्ट ही की मलाच ते नाव हवं होतं. खोटं कशाला बोलू. दारावर पाटी माझ्या नावाची, लाइटचं बिल माझ्या नावाचं, खोली माझ्या नावाची. तिचं नाव लागलं ते रेशनकार्डावर दुसऱ्या ओळीत. ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरात म्हटल्यावर मी ते दोन-तीन रात्री डोळे मिटून वाचून बघितलं. चांगलं दिसत होतं.

इकडे मी विचार करत बसलो तोवर बिल्डरच्या विटा येऊन फाटकाबाहेर गवतावर रचल्यासुद्धा. वाळूचा ढीग पण. एका दुपारी मी वर गेलो आणि देवापुढे बसलो.

"काय रे वरवंट्या," म्हटलं, "झकास बसलायस. तुला मार्बल पाहिजे ना? एसी पाहिजे काय? तुझ्याखाली मसाला वाटला जायचा तेव्हा बरा गप्प पडून राहायचास." सातभाईंचा थवा करवंदीत कलकलाट करत होता, अगदी सोसायटीची मीटिंग. मी देवाला दोन शिव्या आणखी दिल्या, डोक्यावरचा वाळका झेंडू काढून टाकला, आणि तिथेच मला सुचलं. कौल लावायचा!

सेक्रेटरीला जाऊन म्हटलं, "आमच्यात देवाला विचारल्याशिवाय देवाचं काही करत नाहीत. देव सांगेल ते मला मान्य. तुला?"

"प्रश्नच नाही," तो म्हणाला. आणि मी सांगतो, तो मनापासून म्हणाला. त्याच्यासारखा भाविक मी दुसरा बघितला नाही.

कौल असा लावतात. फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवाच्या अंगाला चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गावचा गुरव त्यात लबाडी करत नाही. केली तर गाव त्याला विहिरीत सोडेल. पण मी गुरव नव्हतो. मी घरी भाताची पेज आटवून चिकट केली आणि तंबाखूच्या डबीत भरून घेतली. प्रश्न होता, मंदिर बांधायचं का? मला पाहिजे होता नकार. म्हणजे उजवी पाकळी पेजेने घट्ट बसवायची, डावी नुसती पाण्याच्या बोटाने टेकवायची. देवावर माझा भरवसा नव्हता असं नाही. वरवंट्यावर नव्हता.

शनिवारी सकाळी सगळी सोसायटी जमली. लेक चेंबूरहून आली. सेक्रेटरीने मोबाइल धरला होता, ग्रुपवर टाकायला. सगळ्यात पुढे आमच्याकडचा प्लंबर बसला होता, मालवणचा, तिच्या गाऱ्हाण्यात सगळ्यात मोठ्याने होय म्हाराजा म्हणणारा तो. मी देवासमोर मांडी घातली. शेंदूर पुसून दगड धुतला. डबी मांडीखाली. उजव्या हाताने उजवीकडे पेज लावून पाकळी दाबली. टाकीच्या खळग्यांत ती अशी बसली की आता घणानेसुद्धा निघाली नसती. डावीला नुसतं पाणी. मग हात जोडले.

"बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"ह्या रान तुझा..."

"होय म्हाराजा!"

तिथपर्यंत मला आठवतं. ते वाक्य तिचं होतं. ते माझ्या तोंडातून बाहेर आलं. ती गेल्यापासून मी लोकांसमोर रडलो नव्हतो, आणि त्या हरामखोर वरवंट्यासमोर मला रडू आलं. रडता रडता काय बोललो, किती बोललो, कुणास ठाऊक. लोक होय म्हाराजा, होय म्हाराजा म्हणत राहिले. डोळे उघडले तर डावीकडची पाकळी घरंगळत खाली येत होती. पडली.

मी धोतराने डोळे पुसले आणि म्हटलं, "डावी. देव नाही म्हणतो."

"डावी खंयची, काका?" प्लंबर म्हणाला.

"ही काय, डावी."

"ती तुमची डावी. देव तुमच्याकडे तोंड करून बसलोहा. ती तेची उजवी."

जन्मभर कोकणातला म्हणवून घेतलं आणि देव समोर तोंड करून बसतो एवढं माझ्या ध्यानात राहिलं नाही! पेज लावली ती देवाच्या डाव्या अंगाला. म्हणजे मीच, माझ्या हाताने, देवाकडून होकार काढून घेतला होता. लेकीने तोंडावर हात धरला, तिच्या डोळ्यांत पाणी. सेक्रेटरीने आकाशाकडे बघून हात जोडले. "होकार! काकींची इच्छा!" मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, वाट लागली. गो, मी तुझं रान विकून टाकलं.

"होकार तर होकार," प्लंबर म्हणाला, "पण काकांनी विचारल्यानी काय ता ऐकलास काय?"

"मंदिर बांधायचं का, हेच ना?" सेक्रेटरी म्हणाला.

"तसा खंय विचारल्यानी? लावा बघूया तुमचो मोबाइल."

सेक्रेटरीने मोबाइल मागे नेला आणि लावला. आधी सातभाई. मग माझा आवाज, फाटका, नाकात भरलेला. मी माझाच आवाज ऐकत बसलो. तो म्हणत होता, बा देवा म्हाराजा, ह्या रान तुझा, ह्या जसा आसा तसाच रवांदे काय, म्हाराजा? लादी नको, छप्पर नको, जसा आसा तसा?

आवाज माझा होता. बोलणं तिचं होतं. दर रविवारी फाटकातून खुर्चीत बसून ऐकलेलं, चहाबरोबर.

सेक्रेटरीने ते परत लावलं. बँकेतला माणूस, सही दोनदा तपासणार. मग त्याने मोबाइल खिशात टाकला, दोन पावलं मागे गेला, बूट काढले आणि देवासमोर डोकं टेकलं. उठून मला म्हणाला, "काका, देवाचा शब्द आहे. मी बिल्डरला आजच कळवतो."

"आणि बाकडी?" मागून एका आजीने विचारलं.

"जसा आहे तसा म्हणाला तो," सेक्रेटरी म्हणाला, आणि पहिल्यांदाच थोडं मालवणी बोलायचा प्रयत्न केला. तो इतका वाईट बोलला की सगळे हसले. मीसुद्धा.

लोक पांगल्यावर मी दुसरी पाकळी नखाने खरवडत होतो. निघेना. प्लंबर शेजारी येऊन उकिडवा बसला. त्याने ती पेज बघितली, डबी बघितली, मग देवाच्या अंगावरून हात फिरवला.

"आमच्या आजयेकडे पण असोच देव होतो," तो म्हणाला. "तेच्याखाली मसालो लय बारीक वाटलो जायचो."

मी त्याच्याकडे बघितलं. तो डोंगराकडे बघत होता.

घरी जाताना लेक जिन्यात थांबली. "बाबा, खरं सांग. तू कौल फिरवलास."

"फिरवला होता गं," मी म्हटलं. "पण उलटा फिरवला होता."

तिला कळलं नाही, आणि मी समजावलं नाही. दोन पायऱ्या चढून म्हणाली, "म्हणजे आईचं नाव कुठेच नाही लागणार मग." मी एवढंच म्हटलं, चल, चहा कर. ती म्हणाली, तू कर. मग मी केला. साखर जास्त पडली. दोघांनी तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बिल्डर विटा परत न्यायला ट्रक पाठवणार नव्हता. त्याचा म्हणे अपमान झाला होता. तेव्हा ठरलं की विटा आपणच उचलायच्या आणि सोसायटीची कचऱ्याकडची भिंत पडली आहे तिथे लावायच्या, वाळूपण तिथेच. मी उजाडताच उठलो, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि खुर्ची न घेता फाटकाबाहेर गेलो. रांग लागली होती. प्लंबर म्हणाला, काका, मध्ये उभे राहा, हातातून हातात द्या, जास्त नको. मी मध्ये उभा राहिलो. माझ्या एका हाताला सेक्रेटरी, दुसऱ्या हाताला लेक. ती रात्री राहिली होती. एकेक वीट येत होती, थंड, कडेला माती लागलेली.

ढीग संपला तेव्हा खालचं गवत दिसलं. चौकोनी, पिवळं, जमिनीला चिकटलेलं, आणि त्यावर गांडुळं पळापळ करत होती. मी खाली बसलो आणि बोटांनी एकेक काडी सोडवून उभी करायला लागलो.

"काका," सेक्रेटरी म्हणाला, "ते आपोआप उठेल."

"ठाऊक आहे रे," मी म्हटलं. आणि करत राहिलो.